डॉ. वाल्देमार हाफकिन

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे भवानीमातेचे क्षेत्र महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? आश्विन महिन्यात, नवरात्रात आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला, तेथे भाविकांचा पूर लोटतो. सोलापूरच्या वाटेने, मराठवाड्याच्या गावागावांतून आणि कर्नाटकाच्या सीमेपलीकडून माणसांच्या रांगाच्या रांगा पायी चालत येतात. आज ही माणसे निर्धास्त मनाने येतात आणि दर्शन घेऊन सुखरूप घरी परततात. पण एकोणिसाव्या शतकात तुळजापूर असो, पंढरपूर असो, की दूरची काशी असो, यात्रेला निघालेल्या माणसाच्या मनात भक्तीच्या जोडीला एक भीतीही वसत असे. घरच्यांचा निरोप घेताना त्याचे डोळे भरून येत. कारण परतीची शाश्वती नसे. ती भीती होती पटकीची.

खेड्यापाड्यांतील लोक या रोगाला वाखा म्हणत, जरीमरी म्हणत. सकाळी शेतावर गेलेला धट्टाकट्टा गडी दुपारी जुलाब-उलट्यांनी बेजार होऊन घरी येई. त्याचे डोळे खोल जात, गाल बसत, हातापायांना गोळे येत, अंग थंडगार पडे, आवाजसुद्धा क्षीण होई. आणि कित्येकदा दिवस मावळेपर्यंत सारे आटोपलेले असे. एका घरातून रोग दुसऱ्या घरात शिरे, एका गावातून दुसऱ्या गावात जाई. भयभीत झालेले गावकरी मरीआईचा गाडा सजवून, वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. त्यांच्या भक्तीत काही उणे नव्हते. परंतु रोगाचे खरे घर कोठे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते घर होते गावच्या पाण्यात आणि माणसाच्या आतड्यात. या रोगाशी झुंज देण्यासाठी एक परदेशी शास्त्रज्ञ आपल्या देशात आला. त्याचे नाव आज मुंबईच्या परळ भागातील एका विख्यात संस्थेला दिलेले आहे. त्या डॉ. वाल्देमार हाफकिन यांची ही जीवनकथा आहे.

पटकी हा पचनसंस्थेचा रोग आहे. दूषित पाण्याबरोबर किंवा अन्नाबरोबर पटकीचे जंतू पोटात जातात. जठरातील आम्ल रसाने त्यांपैकी पुष्कळसे मरतात. परंतु जे वाचतात ते लहान आतड्यात पोहोचतात, तेथील अस्तराला चिकटून बसतात आणि झपाट्याने वाढू लागतात. निरोगी माणसाचे आतडे पाणी शोषून घेऊन ते शरीराला देते. पटकीच्या जंतूंनी सोडलेल्या विषामुळे हा क्रमच उलटा होतो. शरीरातील पाणी आणि क्षार आतड्यात पाझरू लागतात आणि तांदळाच्या धुवणासारख्या जुलाबांवाटे बाहेर पडतात. रोग तीव्र असेल, तर प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी निघून जाते. रक्त दाट होते, नाडी हाताला लागेनाशी होते आणि मूत्रपिंडांचे काम थांबते. वेळीच उपचार झाले नाहीत, तर अशा तीव्र रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे दगावतात.

ही सारी माहिती आज आपल्याला आहे. परंतु हाफकिन यांच्या बालपणी ती कोणालाच नव्हती. घाणेरड्या जागेतून उठणाऱ्या दूषित हवेमुळे पटकी होते, असा मोठमोठ्या वैद्यांचाही समज होता. १८५४ साली लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टराने एका वस्तीतील मृत्यूंची घरोघर नोंद केली आणि पुष्कळसे रोगी एकाच पंपाचे पाणी पिणारे होते, हे दाखवून दिले. पुढे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १८८३-८४ साली प्रथम इजिप्तमध्ये आणि मग कलकत्त्यात रोग्यांच्या आतड्यांची तपासणी केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला स्वल्पविरामाच्या आकाराचे वाकडे जंतू दिसले. या शोधामुळे रोगनिदानाचे मोठे काम सोपे झाले. जुलाब आणि उलट्या अजीर्णानेही होतात, नासलेल्या अन्नानेही होतात. मग समोरचा रोगी पटकीचा आहे की नाही, हे ओळखावे कसे? आता त्याचे उत्तर सूक्ष्मदर्शक देऊ लागला. शत्रू कोण, हे कळले; पण त्याला जिंकावे कसे, हे मात्र अजून कोणालाही कळले नव्हते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर त्या वेळी रशियन साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखे थोर गुरू लाभले. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हे जगाला दाखवणारे मेचनिकॉफ ते हेच. शिष्याची तीक्ष्ण बुद्धी आणि काम करण्याची चिकाटी गुरूंच्या ध्यानात येण्यास वेळ लागला नाही.

परंतु ते दिवस रशियातील ज्यू लोकांना फार कठीण होते. १८८१ साली त्यांच्या वस्त्यांवर हल्ले होऊ लागले. ओडेसातील तरुणांनी आपल्या लोकांच्या रक्षणासाठी पथक उभारले, त्यात हाफकिनही होते. त्यापायी त्यांना तुरुंगात जावे लागले. गुरूंनी मध्यस्थी केली म्हणूनच त्यांची सुटका झाली. पुढे विद्यापीठात वरची जागा मिळण्याची वेळ आली, तेव्हा त्यासाठी धर्म बदलावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. हाफकिन यांनी जागेवर पाणी सोडले. धर्म सोडला नाही. १८८८ साली त्यांनी मायदेशाचा निरोप घेतला आणि ते स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे गेले. दुसऱ्याच वर्षी ते पॅरिसला आले. तेथे लुई पाश्चर यांची जगप्रसिद्ध संस्था नुकतीच सुरू झाली होती आणि मेचनिकॉफही तेथेच काम करत होते. मात्र संस्थेत जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. हाफकिन यांनी ती आनंदाने पत्करली. दिवसा ते ग्रंथ सांभाळत आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतूंचा अभ्यास करत. कोणतेही काम हलके नसते, हे त्यांनी आपल्या वागणुकीने दाखवून दिले.

लस म्हणजे काय, हे येथे समजून घेतले पाहिजे. रोगजंतू दुबळे करून किंवा मारून शरीरात टोचले, तर शरीर त्यांच्याशी लढण्याची तयारी करून ठेवते. पुढे खरे जंतू आले, म्हणजे ही तयारी उपयोगी पडते. पाश्चर यांनी या तत्त्वावर जनावरांच्या काळपुळी रोगावर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर लस तयार केली होती. पटकीवर अशी लस करण्याचा प्रयत्न १८८५ साली स्पेनमध्ये फेरान नावाच्या डॉक्टराने केला होता आणि हजारो लोकांना ती टोचली होती. पण कोणाला टोचली, कोणाला नाही आणि पुढे त्यांचे काय झाले, याची काटेकोर नोंद न राहिल्यामुळे शास्त्रज्ञांचे समाधान झाले नाही. हाफकिन यांनी ही गोष्ट मनाशी पक्की नोंदवून ठेवली.

त्यांनी गिनीपिग या लहानशा प्राण्यावर प्रयोग सुरू केले. पटकीचे जंतू एका प्राण्याच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असे अनेकदा नेऊन त्यांनी ते अतिशय प्रखर केले. दुसरीकडे काही जंतू उष्ण हवेत वाढवून दुबळे केले. प्रथम दुबळे जंतू टोचायचे आणि काही दिवसांनी प्रखर जंतू टोचायचे, अशी त्यांची पद्धत होती. या रीतीने टोचलेले प्राणी पटकीला दाद देईनासे झाले. पण प्राण्याला जे मानवते ते माणसाला मानवेल का? त्याची परीक्षा कोणावर घ्यावी?

हाफकिन यांनी त्यासाठी दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवले नाही. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती लस स्वतःच्या अंगात टोचून घेतली. टोचल्या जागी वेदना होऊ लागल्या, ताप चढला. पण थोड्याच दिवसांत तो उतरला. मग त्यांनी दुसरी, प्रखर जंतूंची लसही टोचून घेतली. तिचाही त्रास लवकरच ओसरला. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनी आपण होऊन लस टोचून घेतली. लस माणसाला घातक नाही, एवढे सिद्ध झाले. ती माणसाला वाचवते की नाही, हे मात्र जेथे पटकी आहे तेथेच कळणार होते. पॅरिसमधील ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या साहाय्याने हाफकिन यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास उतरले.

अनोळखी देश, अनोळखी भाषा, कडक उन्हाळा आणि लोकांच्या मनातील संशय! सरकारने पाठवलेल्या प्रत्येक गोऱ्या माणसाकडे लोक त्या काळी साशंकतेने पाहत. हा माणूस सुईने अंगात काय घालतो, कोण जाणे, असे त्यांना वाटे. सरकारी अधिकाऱ्यांतही विश्वास ठेवणारे थोडेच होते. हाफकिन यांनी कोणावर सक्ती केली नाही. जो स्वखुशीने पुढे येईल त्यालाच टोचायचे, हा त्यांचा नियम होता. आग्र्यापासून सुरुवात करून ते उत्तर हिंदुस्थानातील गावोगाव, छावण्या आणि तुरुंग फिरले. त्यांच्याबरोबर भारतीय डॉक्टरही होते. रोज मैलोगणती प्रवास करावा, लोकांना समजावून सांगावे, टोचावे आणि रात्री दिव्याच्या उजेडात वहीत नोंदी कराव्यात, असा त्यांचा क्रम होता. पहिल्याच वर्षी त्यांनी वीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली.

१८९४ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याच्या काठालबागान या गरीब वस्तीत पटकीचे रोगी आढळले. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. सिम्पसन यांच्या बोलावण्यावरून हाफकिन तेथे गेले. वस्तीत सुमारे २०० माणसे राहत होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस टोचून घेतली. बाकीच्यांनी घेतली नाही. सर्वांचे राहणे एकाच वस्तीत. काही दिवसांनी वस्तीत पुन्हा पटकी आली. त्या वेळी जे आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांपैकी होते. लसीच्या बाजूने याहून बोलका पुरावा कोणता हवा? तेव्हापासून कलकत्त्याच्या गरीब वस्त्यांतील लोक आपण होऊन हाफकिन यांच्याकडे येऊ लागले.

हाफकिन मात्र एवढ्या यशाने हुरळून गेले नाहीत. त्यांच्या कामाचे खरे वैशिष्ट्य येथेच दिसते. एखादे औषध घेतल्यावर माणूस बरा झाला, म्हणजे तो औषधानेच बरा झाला असे ठरत नाही. कदाचित तो औषधावाचूनही बरा झाला असता. म्हणून टोचलेली आणि न टोचलेली माणसे एकाच ठिकाणची, एकच अन्न खाणारी आणि एकच पाणी पिणारी असली पाहिजेत, तरच त्यांची तुलना खरी ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. अशी तुलना तुरुंगात, पलटणीत आणि आसामच्या चहाच्या मळ्यांत करता येई. गया येथील तुरुंगात पटकी आली, तेव्हा त्यांनी सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचली आणि दोन्ही गटांच्या नोंदी ठेवल्या. लसीचा गुण लगेच येत नाही, त्यासाठी काही दिवस जावे लागतात, हे त्या आकड्यांवरून दिसून आले. लखनौ येथील एका पलटणीत वर्षापूर्वी टोचलेल्या सैनिकांना लसीचा फारसा उपयोग झाला नाही. हाफकिन यांनी हे अपयश दडवून ठेवले नाही. लस थोडी टोचली, तर तिचा प्रभाव लवकर ओसरतो, हे त्यांनी त्यातून ताडले आणि तसे उघडपणे लिहिले. शास्त्रज्ञाला अनुकूल आकडा जितका प्रिय, तितकाच प्रतिकूल आकडाही प्रिय असावा लागतो. कारण दोघांपासूनही त्याला शिकायचे असते.

अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचून झाली. या श्रमाने आणि हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८९५ साली त्यांना विश्रांतीसाठी इंग्लंडला जावे लागले. पण १८९६ साली ते पुन्हा कलकत्त्यास हजर झाले. त्याच वर्षी मुंबईवर एक नवे संकट कोसळले. सप्टेंबरमध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला आणि शहरात हाहाकार उडाला. हजारो कुटुंबे मुंबई सोडून गावाकडे धावली. सरकारने हाफकिन यांना मुंबईस पाचारण केले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ते येऊन दाखल झाले.

ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रयोगशाळेसाठी जागा मिळाली, ती एक खोली आणि एक ओसरी एवढीच. मदतनीस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरीही तीन महिन्यांच्या आत त्यांनी प्लेगवर लस तयार केली. मांसाच्या पातळ रसात प्लेगचे जंतू वाढवताना त्यांनी त्यावर तुपाचे थेंब सोडले. त्या तुपाच्या आधाराने जंतूंचे धागे झुंबरासारखे खाली लोंबू लागले आणि भरपूर वाढले. हे जंतू उष्णता देऊन मारले, की लस तयार होई. आपल्या स्वयंपाकघरातील तूप असे शास्त्रज्ञाच्या कामी आले! १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील जे कैदी राजी झाले त्यांना लस टोचण्यात आली आणि टोचलेल्यांत रोगाचे प्रमाण पुष्कळच कमी आढळले.

ते दिवस महाराष्ट्राला विसरता येणारे नाहीत. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. घरांच्या झडत्या, माणसांची ताटातूट अशा सरकारी जुलमाने लोक त्रासून गेले होते. अशा वेळी सक्ती न करता समजावून सांगणाऱ्या हाफकिन यांच्या लसीकडे हळूहळू लोक वळू लागले. १८९९ साली परळ येथील गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात त्यांची प्रयोगशाळा आली आणि तेथून देशभर लस जाऊ लागली.

यशाच्या या शिखरावर असतानाच त्यांच्यावर मोठा आघात झाला. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल या खेड्यात १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे मृत्यू पावले. केवढी ही दुर्घटना! एकोणीस घरांवर दुःखाचा डोंगर कोसळला. चौकशी झाली आणि दोष प्रयोगशाळेच्या माथी मारण्यात आला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. ज्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून लस तयार केली, त्याच्याकडे लोक अपराधी म्हणून पाहू लागले. १९०४ साली ते खिन्न मनाने हिंदुस्थान सोडून गेले.

परंतु हाफकिन यांनी ना आक्रोश केला, ना कोणाला दूषणे दिली. आयुष्यभर जे केले तेच त्यांनी आताही केले; पुरावा शांतपणे मांडला. त्याच दिवशी इतर बाटल्यांतील लस टोचलेल्या माणसांना काहीच अपाय झाला नव्हता. प्रयोगशाळेतच धनुर्वाताचे जंतू बाटलीत शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून बाटलीला दुर्गंधी सुटली असती. पण उघडताना तशी दुर्गंधी आली नव्हती. शिवाय बाटली उघडताना मदतनिसाच्या हातातील चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरण्यात आला होता, असेही उघड झाले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे सर्वांना ठाऊक आहे. हिवतापाचा डासांशी असलेला संबंध सिद्ध करणारे सर रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली त्यांनी लंडनच्या वृत्तपत्रात पत्र लिहून या अन्यायाकडे जगाचे लक्ष वेधले. अखेर त्याच वर्षी सरकारने त्यांच्यावरील ठपका दूर करून त्यांना पुन्हा कामावर बोलावले.

हाफकिन कलकत्त्यास परत आले. पण पूर्वीचे अधिकार आणि पूर्वीची मोकळीक त्यांना पुन्हा मिळाली नाही. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात जाऊन राहिले. त्यांनी विवाह केला नव्हता. विज्ञान हाच त्यांचा संसार होता. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरी त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

हाफकिन यांच्यानंतर पटकीशी चाललेला लढा थांबला नाही. ज्या कलकत्त्यात त्यांनी काम केले, त्याच शहरात १९५९ साली डॉ. शंभुनाथ डे यांनी पटकीचे जंतू आतड्यात विष सोडतात, हे प्रयोगाने दाखवून दिले. रोगी मरतो तो शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे, हे स्पष्ट झाल्यावर उपचाराची दिशाही सापडली. गेलेले पाणी आणि क्षार शरीराला परत दिले, की रोगी वाचतो. पाण्यात योग्य प्रमाणात साखर आणि मीठ मिसळले, तर आजारी आतडेसुद्धा ते पाणी शोषून घेते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे पाणी पाजून हजारो रोग्यांचे प्राण वाचवले. आज गावच्या आरोग्य केंद्रात जलसंजीवनीची जी पुडी मिळते, ती याच ज्ञानाचे फळ आहे. वेळेवर असे उपचार झाले, तर पटकीच्या शंभर रोग्यांपैकी नव्व्याण्णवांहून अधिक बरे होतात. हाफकिन यांची टोचण्याची लस आता मागे पडली आहे. तिच्या जागी तोंडावाटे घेण्याच्या लसी आल्या आहेत. विज्ञानात पुढच्याने मागच्याच्या खांद्यावर उभे राहून आणखी दूरचे पाहायचे असते. त्यात मागच्याला कमीपणा नसतो.

तरीही पटकी जगातून नाहीशी झालेली नाही. जेथे पाणी अशुद्ध तेथे ती आजही डोके वर काढते. म्हणून विहिरीत जंतुनाशक भुकटी टाकणे, पाणी उकळून पिणे, अन्न झाकून ठेवणे आणि जेवणापूर्वी हात स्वच्छ धुणे, ही साधी कामेही या लढ्यातील शस्त्रेच आहेत. ती चालवण्यासाठी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. तुमच्यासारखी मुलेही ती चालवू शकतात.

हाफकिन यांचा जन्म आपल्या देशात झाला नाही, त्यांचा अंतही येथे झाला नाही. पण आयुष्यातील उमेदीची वर्षे त्यांनी या देशातील गोरगरिबांसाठी वेचली. प्रत्येक लस त्यांनी प्रथम स्वतःवर पारखली, स्वतःचे यश आणि अपयश सारख्याच प्रामाणिकपणे मोजले आणि अन्याय झाला तेव्हाही सत्यावरचा विश्वास ढळू दिला नाही. परळच्या संस्थेवरील त्यांचे नाव वाचताना या तीन गोष्टी आपण आठवल्या पाहिजेत.

स्वाध्याय

१. यात्रेला निघालेल्या माणसांना पूर्वी कोणती भीती वाटत असे व का?
२. पटकीचे जंतू पोटात गेल्यावर काय काय घडते, ते क्रमाने लिहा.
३. काठालबागान येथील घटनेतून लसीविषयी काय सिद्ध झाले?
४. टोचलेली आणि न टोचलेली माणसे एकाच ठिकाणची असावीत, असा हाफकिन यांचा आग्रह का होता?
५. मलकोवालच्या दुर्घटनेत प्रयोगशाळेचा दोष नव्हता, हे कोणत्या गोष्टींवरून कळते?
६. तुमच्या गावात पिण्याचे पाणी कसे शुद्ध केले जाते, याची माहिती मिळवा आणि दहा ओळी लिहा.